इंदूर खतपद्धती आणि जमिनीचा कस

कुजलेल्या खताने जमिनीचा कस टिकतो, हे ज्ञान भारतीय शेतकऱ्यास नवे नव्हते. ते प्रयोगशाळेत कोणत्या वाटेने पोचले, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुधा आल्बर्ट हॉवर्ड ह्या एकाच नावाने दिले जाते; ते अपुरे आहे.

वनस्पतींचे पोषण कुजट द्रव्यांवर नव्हे, तर खनिज क्षारांवर होते, असे प्रतिपादन जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्यांनी १८४० साली केले. त्यामुळे, ह्यूमस हेच पिकांचे अन्न होय, हे थेअर ह्यांचे मत मागे पडले आणि कृत्रिम खतांच्या युगाची वैचारिक पायाभरणी झाली. हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करून व्होल्कर ह्यांनी १८९३ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात मात्र निराळीच अडचण दिसते. शेतकऱ्यास शेणाचे मोल कळत नव्हते असे नाही. सरपणाच्या अभावी त्याला गोवऱ्या जाळाव्या लागत. दोष अज्ञानाचा नसून टंचाईचा होता.

हॉवर्ड १९०५ साली बिहारमधील पुसा येथे आले. तेथील अनुभवानंतर होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंदूर येथे १९२४ साली वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकत असे. त्याच्या पऱ्हाट्या टणक, लवकर न कुजणाऱ्या. त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. नंतर पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व लाकडाची राख ह्यांचे थर देऊन, पाणी शिंपडून, ठराविक काळाने ढीग उलथला असता सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. कर्ब व नत्र ह्यांचे प्रमाण आरंभी सुमारे ३३ : १ ठेवावे, म्हणजे सूक्ष्म जीवांस नत्र कमी पडत नाही, हे ह्या पद्धतीचे शास्त्रीय मर्म होते.

१९३१ साली ह्या प्रयोगांचे जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड ह्यांच्या जोडीस यशवंत द. वाड हे नाव आहे. वाड हे त्या संस्थेतील रसायनविभागाचे मुख्य साहाय्यक होते. पुढे १९४० सालचा हॉवर्ड ह्यांचा ग्रंथ जगभर वाचला गेला आणि वाड ह्यांचे नाव तळटीपेत गेले. ह्या कामामागे चीनमधील शेतकऱ्यांची खत करण्याची जुनी रीत होती. अमेरिकन अभ्यासक किंग ह्यांनी १९११ साली तिचे वर्णन केले होते. तेव्हा इंदूर पद्धती हा एका व्यक्तीचा शोध नव्हे. अनेकांच्या अनुभवास दिलेली ती शास्त्रीय शिस्त होय.

ह्या पद्धतीने जमिनीस नेमके काय मिळते, ह्याविषयी हॉवर्ड ह्यांचा उत्साह पुराव्यापुढे धावला, हेही मान्य केले पाहिजे. ह्यूमसयुक्त जमिनीतील पीक रोगांस सहसा बळी पडत नाही, हे त्यांचे विधान सर्वत्र सिद्ध झालेले नाही. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून चाललेल्या प्रयोगात दरवर्षी शेणखत दिलेल्या वाफ्यांतील सेंद्रिय कर्ब खत न दिलेल्या वाफ्यांच्या दुपटीहून अधिक झाला. परंतु योग्य मात्रेतील कृत्रिम खतानेही गव्हाचे उत्पन्न दीर्घकाळ तेवढेच आले. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ साली सुरू झालेल्या तुलनात्मक प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार सेंद्रिय पद्धतीत उत्पन्न सुमारे २० टक्के कमी आले, पण खतांचा वापर ३४ ते ५३ टक्के कमी लागला आणि गांडुळांचे व सूक्ष्म जीवांचे प्रमाण वाढले.

म्हणजे पिकाचे एका हंगामाचे अन्न आणि जमिनीचे दीर्घ आयुष्य ह्या दोन भिन्न गोष्टी होत. मराठी शेतकऱ्याच्या भाषेत हा भेद पूर्वीपासून आहे. जमिनीच्या देण्याच्या शक्तीस तो 'कस' म्हणतो, तिच्या घडणीस 'पोत' म्हणतो आणि आधीच्या पिकाने मागे ठेवलेल्या स्थितीस 'बेवड' म्हणतो. लीबिग ह्यांच्या अनुयायांनी केवळ कसाचा हिशेब मांडला. हॉवर्ड व वाड ह्यांनी पोताकडे लक्ष वेधले. परंतु व्होल्कर ह्यांनी दाखविलेली अडचण दोघांच्याही हिशेबाबाहेरची आहे. ज्या घरी शेण चुलीत जाते, त्या घरच्या शेतास कोणतीही पद्धती पुरी पडणार नाही. म्हणून जमिनीच्या सुपीकतेचा इतिहास हा केवळ खतांचा इतिहास नसून सरपणाचाही इतिहास होय.