रिकाम्या बाटलीचा इतिहास

पदवीच्या वर्गाला पर्यावरणाचा पेपर शिकवताना एक प्रकरण दरवर्षी येते. वापर कमी करा, वस्तू पुन्हा वापरा, निरुपयोगी झालेल्या वस्तूपासून नवी घडवा, असा त्याचा सारांश. उदाहरणे जर्मनीची आणि स्वीडनची. दोन वर्षांपूर्वी हे शिकवत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हे तर माझी आई करते." तिने आवाज का खाली केला, हे मला विचारावे लागले नाही. माझ्या आजीने आणि आईने हेच काम केले, आणि मीही पदवी हातात पडेपर्यंत ते कोणाला सांगितले नव्हते.

पर्यावरणाचा जो इतिहास आपल्याकडे लिहिला जातो त्यात जंगल आहे, नदी आहे, वाघ आहे. उकिरड्यावर वाकलेली बाई त्यात नाही. ही जागा रिकामी राहिली हा योगायोग आहे काय? बिअरच्या बाटलीसारख्या अगदी साध्या वस्तूचा माग काढत हा प्रश्न तपासायचा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बिअरची बाटली मुळात फेकायची वस्तू नव्हती. काच महाग आणि बिअर स्वस्त, म्हणून कारखानदारच रिकामी बाटली परत घेई, धुई आणि पुन्हा भरी. अमेरिकेत १९३५ च्या जानेवारीत व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात बिअर प्रथमच पत्र्याच्या डब्यात विकली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा डबा आणि त्यापाठोपाठ एकदाच वापरायची बाटली यांचा सुळसुळाट झाला. १९५९ साली कूर्स कंपनीने अ‍ॅल्युमिनियमचा डबा आणला. परत आणणे, धुणे, साठवणे हा सारा खर्च कंपन्यांच्या डोक्यावरून उतरला आणि रस्त्यावर, शेतात, पालिकेच्या माथी येऊन पडला.

लोक गप्प बसले नाहीत. व्हरमाँट राज्याने १९५३ साली परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकण्यास बंदी केली. हा कायदा १९५७ साली संपुष्टात आला. त्याच १९५३ साली डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था निघाली. कचऱ्याला जबाबदार तो फेकणारा माणूस, ही या संस्थेची शिकवण. वस्तू बनवणाऱ्याचे नाव त्यात कोठेच नाही. १९७१ साली तिने दूरचित्रवाणीवर एक जाहिरात आणली. कचरा पाहून एका मूलनिवासी इंडियन माणसाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो, असे त्यात दाखवले होते. तो नट प्रत्यक्षात इटालियन वंशाचा होता. ज्यांच्या जमिनी हिरावून घेतल्या त्यांचा चेहरा वापरायचा, अश्रूही वापरायचे, पण त्यांचा माणूस मात्र नको! ही रीत आपल्या ओळखीची आहे.

ओरेगॉन राज्याने १९७१ साली कायदा केला आणि १९७२ च्या ऑक्टोबरपासून तो लागू झाला. बाटली वा डबा घेताना काही सेंट अनामत ठेवायची, रिकामा परत केला की ती परत मिळायची. म्हणजे जी बाटली पूर्वी आपोआप परत जात होती, ती परत जावी म्हणून श्रीमंत देशाला कायदा करावा लागला.

आपल्याकडे असा कायदा नव्हता, आणि तरीही बाटली परत जात राहिली. ६५० मिलिलिटरची ती तपकिरी बाटली धुऊन पुन्हा भरली जाते. याचे श्रेय काही विद्वान भारतीय संस्कृतीतील काटकसरीला देतात. मला हे पटत नाही. काटकसर करणारा माणूस स्वतःची बाटली स्वतः परत नेऊन देतो. आपल्याकडे ती दुसऱ्यानेच उचलली. ज्याने उचलली त्याची जात ठरलेली होती, आणि त्याच्या श्रमाची किंमत इतकी कमी होती की त्यासाठी कायद्याची गरजच पडली नाही.

ओरेगॉनमध्ये कायदा लागू झाला त्याच १९७२ साली मराठवाड्यात दुष्काळाने माणसे देशोधडीला लागली होती. गावात जमीन नाही आणि विहिरीवर हक्क नाही, अशी घरे आधी उठली. त्यांतले एक आमचे. आजी बीड जिल्ह्यातून पुण्यात आली ती खडी फोडायच्या कामाच्या आशेने. ते काम संपले आणि तिच्या पाठीवर पोते आले. पुण्याच्या कचराकुंड्यांवर त्या काळी आलेल्या बायांत मातंग, महार, नवबौद्ध अशाच बहुसंख्य होत्या. शहराने त्यांना कामावर घेतले नाही, आणि तरीही त्यांच्याकडून काम करून घेतले.

या कामाला ज्ञान लागत नाही असा समज आहे. आजी पहाटे साडेचारला निघे. अख्खी बाटली नगावर विकली जाते आणि फुटकी काच किलोवर. दोहोंच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून काठीने कचरा उकरताना बाटली फुटू न देणे ही कमाईची पहिली अट. पांढरी काच वेगळी, तपकिरी वेगळी. तोंडाला टवका गेलेली बाटली कारखाना भरत नाही, कारण तिच्यावर बूच नीट बसत नाही. ती भंगारात जाते. "तोंड आधी बघ, मग हात घाल," असे ती आईला सांगे. आईच्या उजव्या तळहातावर तरीही तीन व्रण आहेत. दुकानात काटा मारला जाई, टवका नसलेली बाटलीही टवक्याची ठरे. वाद घातला तर उद्या माल कोण घेणार? भंगारवाल्याकडून ठोक व्यापाऱ्याकडे आणि तेथून कारखान्याकडे बाटली सरके, आणि प्रत्येक पायरीवर तिचा भाव वाढे. सर्वांत खालच्या पायरीवर, जिथे काच हाताला लागते, तिथे तो सर्वांत कमी होता.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावे असा दंडक आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला तो ग्रंथ जाळला गेला. पण दुसऱ्याचे वापरून झालेले, उतरलेले, फुटलेले ते यांच्या वाट्याला, हा नियम शहराच्या उकिरड्यावर लेखी आधाराशिवायही चालू राहिला.

आता या श्रमाने काय वाचवले ते पाहू. वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून काच करायची तर भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. कच्च्या मालात १० टक्के फुटकी काच मिसळली तर अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते. बाटली अख्खी परत आली तर भट्टीच लागत नाही. गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा पुरतो. काच जड असल्याने लांबच्या वाहतुकीत हा फायदा घटतो, हेही खरे. पण जवळच्या जवळ फिरणारी बाटली एकदाच वापरायच्या बाटलीपेक्षा पृथ्वीवर कमी भार टाकते, याविषयी वाद नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा डबा हलका. मात्र एक टन अ‍ॅल्युमिनियमसाठी सुमारे चार टन बॉक्साइट खणावे लागते आणि धातू वेगळा करताना १४ ते १५ हजार युनिट वीज खर्च होते. जुना डबा वितळवून तोच धातू मिळवला तर याच्या सुमारे पाच टक्के ऊर्जा पुरते. बॉक्साइट कोणाच्या डोंगराखाली असते? ओडिशातील नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ साली एकमुखाने खाणीला नकार दिला. तो डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींचा. म्हणजे डबा जन्मतो आदिवासींच्या डोंगरावर आणि मरतो दलितांच्या पोत्यात. मधला घोट तेवढा इतरांचा.

रिकाम्या बाटलीत पैसा आहे हे कारखानदारांना पुरते ठाऊक आहे. बिअर कंपन्यांच्या संगनमताविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये जो निर्णय दिला, त्यात युनायटेड ब्रुअरीज आणि एबी इनबेव यांनी जुन्या बाटल्यांच्या खरेदीबाबतही आपसांत समन्वय साधल्याचा निष्कर्ष नोंदवला आहे. मोठे खरेदीदार एकत्र आले की तळाच्या विक्रेत्याला भाव मागायला जागा कुठे उरते? त्या निर्णयावर वर्तमानपत्रांत बरेच छापून आले. बिअर पिणाऱ्याचे किती नुकसान झाले याची चर्चा झाली. बाटली वेचणारीचा विषय कोणी काढला नाही.

वेचणारीने मात्र एकत्र यायला १९९३ सालापासून सुरुवात केली होती. त्या वर्षी बाबा आढाव यांच्या साथीने पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. १९९५-९६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी या कष्टकऱ्यांची ओळखपत्रे मान्य केली. २००८ साली 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने घरोघरच्या कचऱ्याचा करार केला. ओळखपत्र मिळाले त्या दिवशी आई ते रात्रभर उशाखाली ठेवून झोपली होती. पोलिसाने पोते अडवले तर दाखवायला आता कागद होता.

इथे आपल्या चळवळीपुढचा अवघड प्रश्न येतो. बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेत उष्टे आणि मृतमांस सोडायला सांगितले. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ साली मांडले. मग या कामाचा गौरव आपण करावा काय? कचरा वेचणाऱ्या बाईला 'पर्यावरणाची रक्षक' म्हणून शाल-श्रीफळ देणारे हल्ली पुष्कळ आहेत. मला त्या शालीची भीती वाटते. गौरव करून माणसाला त्याच जागी बसवता येते. पण काम घाण म्हणून सोडून द्या, एवढे म्हणूनही भागत नाही, कारण उद्याची भाकर त्यातूनच येते. माझ्या मते मागण्या दोन आहेत आणि त्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. आज जी हे काम करते तिला त्याचे पूर्ण मोल मिळावे, आणि तिच्या मुलीला ते करावे लागू नये.

हा प्रश्न आताच का? अनामतीची पद्धत आपल्याकडे येऊ लागली आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तामिळनाडूत २०२२ साली निलगिरी जिल्ह्यातील सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन, बाटली आणून दिल्यावर ते परत करण्याची योजना सुरू झाली. निसर्गाच्या दृष्टीने ती चांगलीच आहे. वाटेवरच्या काचा कमी होतात. पण ती १० रुपये पिणाऱ्याला परत देते. जी बाटली पन्नास वर्षे फुकट राखली गेली, तिला किंमत येताच राखणारी बाजूला! म्हणून जिथे जिथे असा नियम होईल, तिथे वेचणारीच्या हातच्या बाटलीलाही पूर्ण अनामत मिळावी, संकलन केंद्रे तिच्या संस्थेकडे असावीत, आणि हे मेहेरबानी म्हणून नव्हे तर नियमात लिहून यावे. शिक्षक, विद्यार्थी, कार्यकर्ते यांनी नियमांचे मसुदे निघतात तेव्हा हरकती नोंदवल्या पाहिजेत. नंतर मोर्चा काढून उपयोग नाही.

शेवटी पुन्हा मराठवाडा. औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बिअरचे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य आणि बिअर कारखान्यांचे पाणी ६० टक्के कापण्याचा आदेश द्यावा लागला. आजीने पुण्यात वेचलेल्या बाटल्यांतल्या काही तिकडे गेल्याच असतील, आणि तिथल्याच पाण्याने भरून पुन्हा पुण्यात आल्या असतील. पाण्यासाठी गाव सोडलेल्या बाईने त्याच पाण्याची बाटली आयुष्यभर परत पाठवली. ती स्वतः मात्र परत गेली नाही. वस्तीत दारूने किती घरे बुडवली ते ती जाणून होती; कोणाचे घर त्यात बुडाले आणि कोणाच्या पोरीची फी त्या बाटलीतून भरली, हेही.

त्या विद्यार्थिनीला मी गेल्या वर्षी प्रकल्पासाठी विषय दिला: आपल्या प्रभागातील बाटली कोठून कोठे जाते आणि प्रत्येक पायरीवर तिला काय भाव मिळतो. वर्गासमोर तो वाचताना पहिल्याच ओळीत तिने आईचे नाव घेतले. आवाज खाली केला नाही.