खणाचे घर आणि साच्यातले घर

नांदेड-लातूरकडच्या म्हाताऱ्या माणसाला त्याचे घर केवढे म्हणून विचारले, तर तो चौरस फूट सांगत नसे. पाच खणांचे, सात खणांचे असे सांगे. दोन खांबांमधले अंतर तो खण. खांब, तुळया, सरे हे सगळे सुतार आधी अंगणात तासून, खाचा पाडून ठेवी, आणि मग सांगाडा उभा राही. पोराचे लग्न झाले, हातात चार पैसे आले, की आणखी एक खण जोडायचा. आज ज्याला 'मॉड्यूल' म्हणून मोठा मान मिळतो, त्याची ही आपल्या घरातली थोरली बहीणच म्हणावी लागेल. फक्त तिला कोणी शास्त्राच्या पंक्तीला बसवले नाही.

कारखान्यात भाग पाडून जागेवर घर जोडण्याची विद्या मात्र आपण परदेशांकडे पाहून घेतली. फाळणीनंतर निर्वासितांना निवारा हवा होता. तेव्हा ब्रिटिश पद्धत आणून दिल्लीत जंगपुऱ्याला 1950 च्या सुमारास सरकारी घरकारखाना निघाला. फेसाळ काँक्रीटचे ते पाटे तडकू लागले आणि घरांचा बेत फसला. कारखाना पुढे दुसऱ्या व्यवस्थेखाली वेगळा माल काढून जगला, आणि 1978 मध्ये त्याचे नाव हिंदुस्थान प्रीफॅब झाले. तिकडे युगोस्लाव्हियात स्कोपिये शहर 26 जुलै 1963 रोजी भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा अनेक देशांनी तयार घरे पाठवली. रशियाने तर घरांचे पाटे ओतणारा कारखानाच दिला. घर हे धान्यासारखे मदत म्हणून पाठवता येते, ही कल्पना तेव्हापासून जगात चांगलीच रुजली.

ती आपल्या दारी आली 1993 साली. 30 सप्टेंबरची पहाट, गणपती बोळवून लोक निजलेले. चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीचा धक्का बसला आणि लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या घरात माणसे गेली. मारले कोणी? दगडाने, असे लोक म्हणाले, आणि दगडी घराची धास्ती घेतली. ती धास्ती समजण्यासारखी आहे, पण निदान अपुरे आहे. चिखलात रचलेल्या त्या जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेलेच नव्हते. मध्ये नुसती भर. वर माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढलेले. पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या आणि लाकडी खण मात्र छप्पर डोक्यावर घेऊन उभे राहिले, असे तज्ज्ञांनी नोंदवले आहे. ज्याने वाचवले ते आपण पाहिलेच नाही!

बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. नाना तऱ्हेची घरे आली. गुबाळ गावी तर घुमटांची वसाहत उठली. घुमट भूकंपाला पक्का, हे विज्ञानाला धरूनच आहे. पण वाटोळ्या भिंतीला कणगी कशी टेकवावी, कपाट कोठे ठेवावे? आणि थोरल्याचे लग्न झाल्यावर पुढचा खण जोडायचा कोठे?

दुसरीकडे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुती मालकांच्या हातूनच करवण्याचे ठरले. भिंतीत आरपार बांधणारे दगड घालणे, माळवदाची माती कमी करणे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरकस आधार देणे, अशी ती कामे. लोकांना हे समजावण्याचे काम 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे होते, आणि गावोगावच्या बायका संवाद सहाय्यक झाल्या. ज्या बाईला घराच्या कागदावर नाव नव्हते, तिने गवंड्याला सिमेंटचा हिशेब विचारावा, ही मला त्या सगळ्या बांधकामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

परदेशच्या अभ्यासदौऱ्यांचे वृत्तान्त आपण पुष्कळ ऐकतो; मंडळी जातात, कारखाने पाहतात, छायाचित्रे आणतात. 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरले तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडे गेल्या. त्या पाहायला गेल्या आणि शिकवायलाही गेल्या. 1999 च्या भूकंपात घरे गमावलेल्या तुर्कस्तानातल्या बायकांशीही पुढे त्यांच्या वर्तुळाची देवाणघेवाण झाली. दौऱ्याचे असे उलटे वळण मला इतरत्र फारसे आढळले नाही.

आणि कच्छात काय उभे होते? भुंगे, म्हणजे मातीची गोल घरे. पुष्कळ नवी चौकोनी घरे पडली, पण नीट बांधलेले भुंगे टिकले. गुबाळला नकोशी वाटलेली गोल भिंत येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. मात्र भुंग्यात धान्याच्या मातीच्या कोठ्या आणि भांड्यांच्या फळ्या बायकांनी गोलाईला धरून आपल्या हाताने लिंपलेल्या असतात.