रोटवाइनकूखन : एका जर्मन केकची कुळकथा

जर्मन घरात दुपारी तीन-चारच्या सुमाराला पाहुणा गेला की त्याच्यासमोर कॉफी आणि केक येतो. आपल्याकडे चहा-बिस्किटांचा असतो, तसाच तो त्यांचा रिवाज. या दुपारच्या केकांमध्ये रोटवाइनकूखन हा एक घरगुती, साधा आणि फार आवडीचा प्रकार. 'रोट' म्हणजे लाल, 'वाइन' म्हणजे द्राक्षाची दारू, 'कूखन' म्हणजे केक. नाव कळताच मुसलमानाचा हात आखडतो, आणि तो आखडावाच. पण ज्या केकाला आपण हात लावणार नाही, त्याच्या कुळाची चौकशी करायला हरकत नसावी. ती करू लागलो की दारू सोडून बाकीच्या बऱ्याच जिनसा ओळखीच्या निघतात.

घराघरांत प्रमाण थोडेफार बदलते, पण साधारण कृती अशी : अडीचशे ग्रॅम लोणी, तितकीच साखर, तितकाच मैदा, चार अंडी, शंभर ग्रॅम किसलेले चॉकलेट, थोडी कोको पावडर, चमचाभर दालचिनी, बेकिंग पावडरची एक पुडी आणि लिटरचा आठवा हिस्सा, म्हणजे १२५ मिलिलिटर, लाल वाइन. हे मिश्रण १८० अंशांवर तासभर भाजतात. वरून पिठीसाखर वाइनमध्येच कालवून तिचा गुलाबी लेप देतात. केक आतून लाल होत नाही, चॉकलेटमुळे तपकिरी होतो. चांगला झाकून ठेवला तर तो कित्येक दिवस मऊ राहतो, म्हणूनही तो वाढदिवसाला आणि प्रवासाला सोयीचा.

तो पुष्कळदा गुगलहुप्फ नावाच्या साच्यात भाजतात. हा साचा गोल, मधे पोकळ आणि कडेने पीळ दिलेला, पगडीसारखा दिसतो. त्यावरून एक गोष्ट सांगतात : १६८३ मध्ये उस्मानी फौजेचा व्हिएन्नाचा वेढा फसला, तेव्हा तिथल्या भटारखानेवाल्यांनी हरलेल्या तुर्काच्या पगडीचा हा केक केला. क्रोसाँ या चंद्रकोरीच्या आकाराच्या पावाबद्दलही हीच कथा आहे. दोन्हींना त्या काळातला पुरावा नाही. पण कथा टिकून आहेत. शत्रू हरला तो हरलाच, वर त्याची पगडी आणि त्याचा चाँद चहाबरोबर खाल्ला, यातली गंमत लोकांना सोडवत नसावी.

आता लोणी. आज ते निरुपद्रवी वाटते, पण जर्मन मुलखात एके काळी लोण्यावरही धर्माची बंदी होती. नाताळच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत कॅथलिक चर्चने लोणी आणि दूध मना केले होते. तेल वापरावे लागे, आणि जर्मनीच्या उत्तर-पूर्व भागात जैतून पिकत नाही. सॅक्सनीतला श्टॉलन हा नाताळचा केक त्यामुळे पाणी, पीठ आणि बेचव तेलाचा असे. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमला अर्ज केले. अखेर १४९१ मध्ये पोप आठव्या इनोसंटने परवानगी दिली. ते पत्र 'लोण्याचे पत्र' म्हणूनच ओळखले जाते. लोणी खाणाऱ्याने चर्चच्या बांधकामाला पैसे द्यावेत, अशी अट होती. पुढे १५२० मध्ये मार्टिन लूथरने रोमवर जी झोड उठवली, तीत हा लोण्याचा सौदाही होता. हराम-हलाल फक्त आपल्याच दस्तरखानावर आले, असे समजणाऱ्यांनी हे पत्र ध्यानात ठेवावे. आपल्याकडे निदान पैसे भरून हराम हलाल होत नाही.

साखरेचा प्रवास तर थेट आपल्या दारातून निघतो. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर आणि जर्मन 'त्सुकर' हा एकच शब्द आहे. ऊस हिंदुस्थानातून इराणात गेला, अरबांनी तो मिसर, सिसिली आणि अंदलूसपर्यंत नेऊन लावला, आणि तिथून युरोपच्या जिभेला गोडी लागली. मात्र जर्मन गरिबाच्या केकात साखर आली ती उसाची नव्हे. १७४७ मध्ये बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बीटच्या कंदात तीच साखर असल्याचे दाखवले. त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ च्या सुमाराला सायलेशियातल्या कूनर्न गावी बीटच्या साखरेचा पहिला कारखाना काढला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्रजी मालाची नाकेबंदी केली, वेस्ट इंडीजची साखर अडली आणि बीटला भाव आला. ती अडलेली साखर आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या घामाची होती, हेही इथे लिहून ठेवले पाहिजे.

फुगण्याचे काम आधी खमीर आणि फेटलेली अंडी करीत. रोटवाइनकूखन आज ज्या रूपात होतो, ते रूप बेकिंग पावडरनंतरचे. गीसनचे प्रोफेसर लीबिग आणि त्यांचा अमेरिकन शिष्य हॉर्सफर्ड यांनी त्या पावडरीचा पाया घातला. १८९१ मध्ये बीलेफेल्डच्या आउगुस्ट ऊटकर या औषधविक्याने ती छोट्या पुड्यांत बांधून विकायला सुरुवात केली. एक पुडी अर्धा किलो मैद्याला पुरायची. भट्टीवाल्याची कला त्या पुडीने घरातल्या बाईच्या हातात आणून ठेवली. माझ्या मते या केकच्या इतिहासातली खरी क्रांती वाइन नव्हे, ही पुडी आहे.

आणि वाइन? राइन आणि मोझेल नद्यांच्या उतारांवर रोमनांच्या काळापासून द्राक्षे आहेत. जुन्या जर्मन स्वयंपाकात वाइन ही चैनीची नव्हे, कोठीतली वस्तू होती. आउग्सबुर्गच्या साबिना वेल्झरिनने १५५३ मध्ये हाताने लिहिलेल्या पाककृतींच्या वहीत ती जागोजागी आहे. आपण चिंच-कोकम घालतो, तशी आंबटपणासाठी आणि वासासाठी ते वाइन घालत.

इथे भाषेची एक मौज आहे. अरबी 'कहवा' हा शब्द कॉफीच्या आधी दारूसाठी होता. जुन्या अरबी शायरीत कहवा म्हणजे शराब. पंधराव्या शतकात यमनच्या सूफींनी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहायला कॉफी घेतली आणि तो शब्द तिच्याकडे सरकला. १५११ मध्ये मक्केच्या हाकिमाने कॉफीवरच बंदी घातली, पण ती टिकली नाही. उलट 'अल्कोहोल' हा शब्द अरबी 'अल्-कुह्ल'चा, म्हणजे सुरम्याचा. बारीक वस्त्रगाळ पूड, मग कोणत्याही वस्तूचा अर्क, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्ससच्या हातून दारूचा अर्क, असा तो अर्थ सरकत गेला. डोळ्यांतला सुरमा पेल्यात गेला आणि पेल्यातली शराब कपात येऊन हलाल झाली. जर्मन टेबलावर रोटवाइनकूखन आणि 'काफे' शेजारी शेजारी बसतात, तेव्हा जुना कहवा नव्या कहव्याला भेटतो.

जर्मनीत कॉफीही सुखाने आली नाही. लाइपझिगच्या 'अरबी कॉफीवृक्ष' या जुन्या कॉफीगृहाच्या दारावर पगडीवाल्या तुर्काचे शिल्प आहे. तिकडे प्रशियाचा राजा फ्रेडरिक पैसा परदेशी जातो म्हणून चिडला आणि १७७७ मध्ये त्याने प्रजेला बिअर प्यायला सांगितले. १७८१ पासून कॉफी भाजायचा हक्क त्याने सरकारकडे घेतला, आणि चोरून भाजलेल्या कॉफीचा वास घेत हिंडायला निवृत्त सैनिक नेमले. दारूला सूट आणि कॉफीमागे पोलीस!

हा सगळा इतिहास जिवंत प्रश्न झाला तो ३० ऑक्टोबर १९६१ नंतर. त्या दिवशी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार केला. खाणीत, मोटारींच्या कारखान्यांत राबायला आलेले ते लोक 'पाहुणे कामगार' म्हणवले गेले. पाहुणे गेले नाहीत, त्यांची मुले तिथेच शाळेत बसली. जर्मन शाळेत वाढदिवसाला घरचा केक नेण्याची पद्धत आहे. डब्यातला तपकिरी तुकडा पाहून त्यात काय आहे हे विचारावे लागते, आणि विचारणारे मूल वर्गात एकदम वेगळे दिसू लागते.

"भाजताना दारू उडून जाते" हे उत्तर त्याला हमखास मिळते. ते अर्धेच खरे आहे. अल्कोहोल ७८ अंशांवर उकळते, पण मिश्रणात मुरलेले सगळे निघून जात नाही. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या तक्त्याप्रमाणे तासभर शिजवल्यावरही सुमारे २५ टक्के उरते. वरच्या गुलाबी लेपाला तर आच लागलेलीच नसते. शिवाय फिकहचा सवाल थेंब मोजण्याचा नाही. द्राक्षाच्या शराबीबाबत कोकणातले शाफई आणि देशावरचे हनफी यांच्यात मतभेद नाही. थोडी असो वा जास्त, ती हरामच. मतभेद आहे तो शराबीचा सिरका झाला तर. हनफी मताने मुद्दाम केलेला सिरकाही चालतो, शाफई मताने काही न घालता आपोआप झालेलाच.

आपल्या गल्लीत जर्मन केक कधीच आला आहे, फक्त कोणी त्याला जर्मन म्हणत नाही. ब्लॅक फॉरेस्ट! जर्मनीतल्या नियमाप्रमाणे त्यात चेरीच्या दारूची चव असायलाच हवी. आपल्या तालुक्याच्या बेकरीत तो साखरेच्या पाकावर आणि डबाबंद चेरीवर भागतो, आणि निकाहच्या दावतीतही कापला जातो.

रोटवाइनकूखनचेही तसे करता येते. वाइनऐवजी तितकाच लाल द्राक्षांचा रस घालतात. रस गोड असतो, म्हणून साखर दोन-तीन चमचे कमी करून लिंबू पिळायचे, नाहीतर केक नुसताच गुळमट लागतो. वरच्या लेपाला गुलाबी रंग रसानेही येतो.