हाली, कलदार आणि वरचा एक रुपया

खेळणा आणि पूर्णा नद्यांच्या संगमावरचं जाफराबाद आज जालना जिल्ह्यात आहे. १९८१पर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यात होतं, आणि १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. १८५३च्या तहाने शेजारच्या वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. चिखली, देऊळगाव राजा ही जवळची गावं परक्या अंमलात गेली. इकडे मोगलाई, तिकडे इंग्रजी. सोयरिकी मात्र हद्द ओलांडून होतच राहिल्या.

हद्दीबरोबर नाणंही बदलत होतं. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. साधारण सात हालींना सहा कलदार. वऱ्हाडातल्या पाहुण्याने सहा कलदार आहेर केला असेल, तर त्याच्या घरच्या कार्याला सहा हाली नेणं म्हणजे कमी नेणं. आकडा तोच, किंमत उणी. आहेराची वही लिहिणाऱ्याला म्हणूनच नाव, गाव, रक्कम यांच्याबरोबर नाण्याचंही भान ठेवावं लागणार.

ही वही म्हणजे सावकाराचं खातं नव्हे. वसुलीला कुणी येत नाही, व्याज लागत नाही. पण लग्नाला निघण्याआधी ती काढून बघितली जाते. आलं तेवढंच परत करणं कोरडं वाटतं. थोडं वाढवून द्यायचं असतं. अकरा, एक्कावन्न, एकशे एक यांतला वरचा एक रुपया मला यासाठीच महत्त्वाचा वाटतो. हिशेब पूर्ण होऊ नये, येणं-जाणं राहावं, म्हणून तो असतो. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस यांनी १९२५च्या सुमारास देणं, घेणं आणि परत करणं अशी तीन बंधनं मांडली. आपल्याकडची सावडही त्याच जातीची: आज तुझे बैल माझ्या शेतात, उद्या माझे तुझ्या.

पण सावड बरोबरीच्यांत चालते. मुलीच्या बापाचं देणं तसं नव्हतं. आहेर परत करायचा असतो. हुंडा परत येत नाही, आणि वहीतही बहुधा दिसत नाही. १९६१मध्ये हुंडाबंदीचा कायदा आला. १९८५च्या नियमांनी तर सरकारनेच वही ठेवायला सांगितली: लग्नातल्या भेटींची यादी करायची, त्यात वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, आणि वधूवरांनी खाली सही करायची. घरची वही परतफेड लक्षात राहावी म्हणून; ही यादी आपणहून दिलेलं आणि मागून घेतलेलं वेगळं राहावं म्हणून. आहेराची वही पिढ्यान् पिढ्या जपणाऱ्या किती घरांनी ही दुसरी यादी केली असेल? मी तरी एकाही लग्नात ती होताना पाहिलेली नाही.

आता पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं. याचं मला वाईट वाटत नाही. पाऊस न झालेल्या वर्षी, मागचा आहेर फेडता येत नाही म्हणून लग्नाला जायचं टाळणारी माणसं इथे आहेत. त्या एका ओळीने त्यांना मांडवात यायची वाट मोकळी होते. पण त्याच पत्रिकेच्या घरी बैठकीत ठरलेली रक्कम आधीच पोचलेली असेल, तर आहेर बंद करून नेमकं काय बंद केलं, हे त्या घराने स्वतःला विचारायला हवं.