डेक्कनवरचे अनवाणी धावपटू

पहाटे पळायला जायचा कंटाळा आला, की मी जुन्या काळचे मॅरेथॉनपटू फडेप्पा चौगुले यांचा विचार करते. आमच्या ग्रुपमध्ये बूट, घड्याळ, वेग यांचीच चर्चा. मला मात्र १९१९च्या सुमाराची पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची शर्यत जास्त बळ देते.

जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा ती बघत होते. पळणारे बहुतेक शेतकरी, अनवाणी, ना प्रशिक्षक ना शास्त्रशुद्ध सराव. तरी लांब पल्ल्यात त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होती! टाटांनी खटपट केली, स्वतःच्या खिशातले पैसे घातले आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा चमू गेला.

त्या चमूतले बेळगावचे चौगुले तिथे मॅरेथॉन धावले. तेव्हा अंतर ठरलेलं नव्हतं. त्या वर्षीचं ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. अडीच तासांनंतरही ते पळतच होते. दोन तास पन्नास मिनिटांत पूर्ण करून ते एकोणिसावे आले.

पदक नाही म्हणून हे नाव मागे पडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नवख्या धावपटूला पहिल्या दिवशी बुटांच्या आधी ही हकीकत सांगायला हवी. मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.