एकविशीचं चिलखत

भरतीच्या मैदानावर छाती आणि धाव मोजली जाण्याआधी जन्मतारीख तपासली जाते. २०२२ साली सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली तेव्हा वय ठरलं साडेसतरा ते एकवीस. साडेसतराची संगती लागते. अठराच्या आतल्या जवानाला युद्धक्षेत्रात धाडत नाही, असं भारताने २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांना कळवलं आहे, आणि प्रशिक्षण आटोपेपर्यंत पोरगा अठरा ओलांडतो. जुन्यांचे आकडेही याच्याच आसपासचे: अथेन्सचा तरुण अठराव्या वर्षी नोंदला जाई, रोमचा सतराव्या.

खरी गंमत एकवीसची. भरतीच्या कमाल वयाशी पुढच्या गोष्टीचं थेट नातं जोडता येत नाही, पण ‘एकविसाव्या वर्षी माणूस सज्ञान’ हा कायदा जन्मला तो मात्र लष्करी चाकरीतून.

११८८च्या सुमाराचा, ग्लॅनव्हिलच्या नावावरचा इंग्लिश कायदेग्रंथ तीन वारसांची तीन वयं सांगतो. साध्या शेतजमिनीचा वारस पंधराव्या वर्षी सज्ञान. व्यापाऱ्याच्या पोराला वयच नाही. त्याला नाणी मोजता आली, कापड मापता आलं की झालं. लष्करी चाकरीच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीच्या वारसाला मात्र एकवीस पूर्ण करावी लागत.

सहा वर्षं जास्त का? कायद्याचे अभ्यासक टी. ई. जेम्स यांनी १९६०मध्ये उत्तर दिलं: चिलखत जड झालं, घोड्यावरून लढणं अवघड झालं, पंधरा वर्षांच्या खांद्यांना ते पेलेना. दुसरा पक्ष सात वर्षांच्या टप्प्यांकडे बोट दाखवतो: सातव्या वर्षी सेवक, चौदाव्या वर्षी शिलेदाराचा मदतनीस, एकविसाव्या वर्षी स्वतः शिलेदार. हे कोष्टक जरा जास्तच नेटकं वाटतं.

चिलखताची गोष्ट झकास आहे, पण तिलाही भोकं आहेत. पोलादी पत्र्यांचं अंगभर चिलखत पुढे दोनेक शतकांनी आलं. ग्लॅनव्हिलच्या काळी अंगावर असे तो कड्यांचा अंगरखा. आणि १३४६मध्ये क्रेसीच्या रणात इंग्लंडचा युवराज एडवर्ड आघाडीला उभा होता, तेव्हा तो होता सोळा वर्षांचा!

मग पैशाकडे पाहायला हवं. वारस अज्ञान असेतो त्याच्या जमिनीचं उत्पन्न वरचा सरदार खाई, त्याचं लग्नही विकू शके. अज्ञानपणाचं प्रत्येक वाढीव वर्ष म्हणजे आणखी एक पीक घशात. १२१५च्या मॅग्ना कार्टात पालक बनलेल्या सरदारांच्या या लुटीला आवर घालणारी कलमं अगदी सुरुवातीलाच येतात, ती उगाच नव्हे. चिलखताने निमित्त दिलं, आकडा टिकवला तो वसुलीने, असंच म्हणावं लागतं.

हा आकडा पुढे सरदारांपुरता राहिला नाही. साऱ्यांनाच लागू झाला, मतदानालाही. तो उतरवला पुन्हा फौजेनेच. अमेरिकेने १९४२मध्ये सक्तीच्या भरतीचं वय अठरावर आणलं आणि ‘लढायला चालतो, तर मताला का नाही?’ हा सवाल उठला; व्हिएतनामच्या धगीत १९७१मध्ये घटना बदलून मतदानाचं वय अठरा केलं. ब्रिटनने १९७०पासून सज्ञान वय अठरा केलं. भारतात मतदानाचं एकवीस १९८९पर्यंत टिकलं. मुलाच्या लग्नाला ते आजही लागतं.

साडेसतराव्या वर्षी अग्निपथमधून शिरलेला अग्निवीर चार वर्षांची मुदत संपवतो, तेव्हा साडेएकवीसचा असतो. ग्लॅनव्हिलच्या हिशेबाने त्याची चाकरी सहा महिन्यांपूर्वी सुरू व्हायला हवी होती.