‘पर्यायी’ नियम मुख्य कसा झाला?

१/ वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा पुरेसा मोठा आला की वार लागला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची आज जगभर हीच ओळख आहे. परंतु १९७४ साली हा खेळ प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा पुस्तिकेत ही पद्धत केवळ ‘पर्यायी’ म्हणून छापलेली होती. ती मुख्य कशी झाली, याचा हा धागा.

२/ विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या लहानशा गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन हे या खेळाचे जनक. पहिली आवृत्ती तीन पुस्तिकांची होती आणि तिच्या एक हजार प्रती छापल्या गेल्या. लढाईसाठी वाचकाजवळ ‘चेनमेल’ हे १९७१चे पुस्तक असेल, असे गृहीत धरले होते.

३/ ‘चेनमेल’ हा मुळात छोट्या प्रतिमांच्या सैन्यांचा, सहा बाजूंच्या फाशांचा युद्धखेळ. नव्या खेळात मात्र प्रत्येकाच्या हाती एकच वीर होता. ज्यांच्याजवळ जुने पुस्तक नव्हते, त्यांना पर्यायी कोष्टक आयतेच मिळाले. पुढच्या पुरवण्या याच कोष्टकावर उभ्या राहिल्या.

४/ १९७५ची ‘ग्रेहॉक’ ही पहिली पुरवणी. तोवर खंजीर असो वा दुहाती तलवार, जखम सहा बाजूंच्या एकाच फाशाने मोजली जाई. ‘ग्रेहॉक’ने शस्त्रागणिक वेगळा फासा दिला, ‘चोर’ हे नवे पात्रही दिले. दोन्ही गोष्टी आजतागायत टिकून आहेत.

५/ प्रत्येक पुरवणीचे भाग्य असे नव्हते. त्याच वर्षीच्या ‘ब्लॅकमूर’मध्ये वार कोणत्या अवयवावर बसला, हे ठरवणारी कोष्टके होती. त्यांत प्रत्येक घावाला आणखी हिशेब करावा लागे. पुढील मुख्य आवृत्त्यांत त्यांना स्थान मिळाले नाही. १९७६च्या ‘एल्ड्रिच विझर्ड्री’तील मनःशक्तीचे नियम १९७८च्या ग्रंथात राहिले खरे, पण परिशिष्टात.

६/ या साऱ्यामागे प्रश्न अधिकाराचा होता. नियम कोणाचे: ग्रंथकाराचे की खेळणाऱ्यांचे? १९७४च्या पुस्तिकेचा समारोप वाचकाला स्वतःची कल्पना लढवण्याचे आवाहन करतो. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये तेच गायगॅक्स एकसूत्रतेचा आग्रह धरतात. एका मेजावरून दुसऱ्या मेजावर गेलेल्या खेळाडूला तोच खेळ भेटावा, ही अपेक्षा गैर नव्हती. मात्र घरोघरी नियम बदलतच राहिले.

७/ पुढेही हेच घडले. शस्त्रांपलीकडील कौशल्यांचे नियम १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ऐच्छिक होते. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत कौशल्ये खेळाचा पाया झाली. ‘फीट’ म्हणजे पात्राची खास प्रावीण्ये २०१४ साली ऐच्छिक होती. २०२४च्या ग्रंथात प्रत्येक पात्राला आरंभीच एक मिळते.

८/ म्हणून या खेळाचा इतिहास केवळ मुख्य नियमांतून वाचू नये. जुनी आवृत्ती हाती आली, तर आधी तिच्यातील ‘ऐच्छिक’ आणि ‘पर्यायी’ हे शब्द शोधावेत. पुढच्या आवृत्तीचा आराखडा अनेकदा तिथेच सापडतो.